बोटांसाठी अक्षरे

फ्रान्सची राजधानी पॅरिस हिच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटरांवर कूव्रे नावाचे एक लहानसे खेडे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्या खेड्यात सिमॉन-रने ब्रेल नावाचा एक जिनगर राहत असे. घोड्यांची खोगिरे, लगाम आणि गाडीला घोडे जुंपण्याचा कातडी साज तयार करणे हा त्याचा वडिलोपार्जित धंदा. माणूस कष्टाळू, हात कसबी आणि व्यवहार चोख. त्यामुळे घरी श्रीमंती नसली तरी कशाची ददातही नव्हती. या जिनगराच्या घरी ४ जानेवारी १८०९ रोजी चौथे आणि शेवटचे अपत्य जन्मास आले. त्याचे नाव लुई.

लुई तीन वर्षांचा असताना एके दिवशी तो वडिलांच्या कामाच्या खोलीत एकटाच शिरला. रोज पाहिलेल्या कामाचे अनुकरण करावे म्हणून त्याने एक अणकुचीदार हत्यार उचलले आणि कातड्याच्या तुकड्याशी तो खेळू लागला. ते हत्यार म्हणजे कातडे टोचण्याची आरी होती असे कोणी म्हणतात, तर कोणी म्हणतात की ती कातडे कापण्याची वाकडी सुरी होती. कोणतेही असो, ते हातातून निसटले आणि थेट डोळ्यात घुसले. जखम चिघळली. रोगजंतूंचे ज्ञान त्या काळी मोठमोठ्या वैद्यांनाही नव्हते, तेथे खेड्यातील उपचारांची काय कथा! जखमी डोळ्याचा विकार दुसऱ्या डोळ्यासही जडला आणि पाच वर्षांचा होईतो लुईची दृष्टी पूर्णपणे गेली.

अंध मूल म्हणजे जन्माचे ओझे, ही त्या काळची सर्वत्र रूढ असलेली समजूत होती. गरिबाघरच्या अंध मुलाने मोठेपणी देवळाच्या दारी हात पसरायचा, हे जणू ठरलेलेच असे. सिमॉन-रने आणि त्याची पत्नी मोनिक यांनी मात्र आपल्या मुलाच्या बाबतीत हे ठरलेले मानले नाही. बापाने त्याला काठी करून दिली आणि ती टेकीत गावभर हिंडावयास शिकवले. आईने त्याच्यावर घरातील लहानसहान कामे सोपवली. कातडी साजाच्या झालरी गुंफण्याचे कामही तो करू लागला. असे सांगतात की, बापाने लाकडाच्या फळीवर गोल डोक्याचे खिळे ठोकून त्यांची अक्षरे बनवली आणि मुलाचे बोट त्यांवरून फिरवून त्याला अक्षरओळख करून दिली. गावचे धर्मगुरू पालुई यांनी लुईची तल्लख बुद्धी हेरली व त्याला शिकवण्यास प्रारंभ केला. पुढे गावच्या शाळेतील बेशेरे गुरुजींनीही त्याला डोळस मुलांबरोबर बाकावर बसवून घेतले. केवळ ऐकून शिकणारा हा मुलगा वर्गात इतरांच्या पुढे असे. परंतु इतर मुले पुस्तके उघडीत, तेव्हा तो हात जोडून स्वस्थ बसून राही.

अंधांना वाचता यावे असा पहिला पद्धतशीर प्रयत्न पॅरिसमध्ये लुईच्या जन्मापूर्वीच झाला होता. १७७१ साली तेथील एका जत्रेत काही अंध मनुष्यांना विदूषकी पोशाख चढवून, नाकांवर पुठ्ठ्याचे चष्मे लावून, हाती वाद्ये देऊन बसवले होते. त्यांच्या बेसूर वादनास लोक खदखदा हसत होते. हे दृश्य व्हालेंतिन हाऊई नावाच्या एका विद्वान गृहस्थाच्या जिव्हारी लागले. मनुष्याच्या व्यंगाचा असा बाजार मांडला जातो, याचे कारण त्याला शिक्षण नाही, हे त्याने ओळखले. १७८५ च्या सुमारास त्याने पॅरिसमध्ये अंध मुलांसाठी शाळा काढली. ओल्या जाड कागदावर मोठ्या अक्षरांचे ठसे दाबून तो उठावाची पुस्तके छापू लागला. जगातील अंधशिक्षणाचा पाया या सहृदय पुरुषाने घातला, ही गोष्ट त्याच्या पद्धतीतील उणिवा सांगतानाही विसरता कामा नये.

याच शाळेत १५ फेब्रुवारी १८१९ रोजी लुईचा प्रवेश झाला. तेव्हा त्याचे वय अवघे दहा वर्षांचे होते. कूव्रेच्या मोकळ्या हवेत वाढलेल्या त्या मुलाला पॅरिसचे ते घर कसे वाटले असेल! इमारत फार जुनी होती. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात तिचा तुरुंग म्हणूनही उपयोग झाला होता. अरुंद जिने, ओल आलेल्या भिंती, कोंदट खोल्या आणि नदीकाठच्या वस्तीतील दमट हवा. ज्यांना पायाखालची वाट चाचपून चालावयाचे, अशा मुलांसाठी याहून गैरसोयीचे घर शोधूनही सापडले नसते. तेथे राहणारी मुले वरचेवर आजारी पडत आणि क्षयरोगाने त्यांतील कितीतरी जणांचे बळी घेतले. अंधांना शिकवावे इतका विचार समाजाने केला होता. परंतु त्यांनी राहावे कोठे, याचा विचार करावयास त्याला आणखी चोवीस वर्षे लागली.

शाळेच्या ग्रंथालयात उठावाची पुस्तके बोटांवर मोजण्याइतकी होती. एकेक पुस्तक असे जड की लहान मुलास ते उचलवू नये. शिवाय मोठी अडचण निराळीच होती. डोळा अक्षराचा संपूर्ण आकार एका दृष्टिक्षेपात टिपतो. बोटाचे तसे नसते. उठावाच्या रेषेवरून बोट फिरत राहते, वळण कोठे आले, रेषा कोठे संपली हे ध्यानात ठेवते आणि मग कोठे अक्षर कोणते याचा उलगडा होतो. एक वाक्य पुरे होईतो त्याचा आरंभ विसरून जावा, इतके ते वाचन संथ चाले. आणि लिहिण्याचे काय? ही अक्षरे छापखान्याच्या यंत्राशिवाय उमटत नसत. म्हणजे अंध मनुष्य दुसऱ्याने छापलेले कसेबसे वाचू शकत होता, पण स्वतःच्या मनातील एक ओळ लिहून ती पुन्हा वाचू शकत नव्हता. डोळस मनुष्याच्या डोळ्यांना सुंदर दिसणारी अक्षरे फुगवून अंधांच्या हाती दिली होती. ती देणाऱ्याच्या सोयीची होती, घेणाऱ्याच्या नव्हे.

१८२१ साली शार्ल बार्बिये नावाच्या एका माजी लष्करी अधिकाऱ्याने आपली नवी लेखनपद्धती शाळेपुढे मांडली. सैनिकांना रात्रीच्या अंधारात दिव्यावाचून निरोप वाचता यावेत म्हणून ती शोधली गेली, अशी कथा प्रसिद्ध आहे. ज्यांना नेहमीची अक्षरे शिकणे शक्य नाही अशा सामान्य जनांच्या हाती लेखनाचे साधन द्यावे, हीदेखील बार्बियेची तळमळ होती. त्याच्या पद्धतीत रेषा नव्हत्या, उठावाची टिंबे होती. फ्रेंच भाषेतील ध्वनींचे त्याने सहा ओळींचे एक कोष्टक केले होते. ध्वनी कितव्या ओळीत आणि त्या ओळीत कितवा, हे टिंबांच्या दोन उभ्या रांगांनी दाखवावयाचे. ती टिंबे कागदावर टोचण्यासाठी त्याने खाचा पाडलेली पाटी आणि टोचणीही तयार केली होती.

मुलांच्या बोटांना टिंबे रेषांपेक्षा कितीतरी स्पष्ट कळू लागली. लुई हरखून गेला. परंतु काही दिवसांतच त्याला या पद्धतीतले दोष जाणवू लागले. एका ध्वनीसाठी बारापर्यंत टिंबे लागत. ती बोटाच्या पेराखाली मावत नसत, एकेक मोजावी लागत. शब्दांचे शुद्धलेखन, विरामचिन्हे, अंक, संगीताची स्वरलिपी यांपैकी कशासही तीत जागा नव्हती. या कोवळ्या वयाच्या विद्यार्थ्याने आपल्या शंका पन्नाशी उलटलेल्या बार्बियेपुढे मांडल्या. बार्बियेला त्या फारशा रुचल्या नाहीत. ज्यांना काहीच लिहितावाचता येत नाही, त्यांना ध्वनी कळले म्हणजे पुरे, असे त्याचे मत होते. लुईला हे पुरे वाटत नव्हते. अंध मुलानेही डोळस मुलाप्रमाणेच शब्द शुद्ध लिहावा, गणित मांडावे, वाद्य वाजवताना स्वर वाचावेत, ही त्याची आकांक्षा होती. मतभेदाचे मूळ टिंबांच्या संख्येत नव्हते, अंध मनुष्याची योग्यता किती मानावयाची यात होते.

दिवसभर वर्ग, कामे आणि संगीताचा सराव चाले. रात्री इतर मुले झोपली म्हणजे लुई पाटी आणि टोचणी घेऊन बसे. सुटीत कूव्रेला गेला तरी त्याचा हाच उद्योग. बापाच्या ज्या प्रकारच्या हत्याराने त्याचे डोळे नेले, तशाच एका टोकदार साधनाने तो आता अक्षरे घडवीत होता. १८२४ साली, म्हणजे वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, त्याच्या लिपीचा सांगाडा सिद्ध झाला.

ही लिपी किती साधी आहे पाहा. तीन-तीन टिंबांच्या दोन उभ्या रांगा, एकूण सहा जागा. बोटाचे टोक हलवावे न लागता सहाही जागा एकदम स्पर्शास कळतात. या सहांपैकी काही ठिकाणी टिंब उठवावयाचे आणि काही ठिकाणी जागा सपाट ठेवावयाची. अशा रीतीने ६३ निरनिराळ्या खुणा तयार होतात. त्यांची मांडणीही लुईने मोठ्या कुशलतेने केली. वर्णमालेतील पहिली दहा अक्षरे केवळ वरच्या चार जागांत बसवली. त्यांच्याच खाली डावीकडे एक टिंब वाढवले की पुढची दहा अक्षरे होतात. खालची दोन्ही टिंबे वाढवली की त्यापुढची. दहा खुणा ध्यानात राहिल्या म्हणजे बाकीच्या आपोआप राहतात. त्याच पहिल्या दहा खुणांपुढे एक विशेष चिन्ह लिहिले की त्यांचे अंक होतात. पाटीवर कागद बसवून उजवीकडून डावीकडे टोचीत जावे आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचावे. यंत्र नको, छापखाना नको, डोळस मदतनीसही नको.

१८२९ साली लुईने आपली पद्धती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. हे पुस्तक मात्र जुन्याच उठावाच्या रोमन अक्षरांत छापावे लागले, कारण नवी लिपी अजून मोजक्याच बोटांना ठाऊक होती. त्यात त्याने बार्बियेचे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले. पहिल्या आराखड्यात टिंबांबरोबर लहान आडव्या रेघाही होत्या. त्या टोचणीने उमटवणे कठीण जाते, असे अनुभवास आल्यावर १८३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने त्या काढून टाकल्या. आपल्याच कृतीतील उणे स्वतः वापरून शोधावे आणि ते दूर करावे, हा त्याचा स्वभाव होता. त्याच वर्षी शाळेने फ्रान्सच्या इतिहासाचे एक पुस्तक तीन खंडांत या लिपीत छापले. टिंबांच्या या लिपीत छापलेले ते पहिले पुस्तक होय.

दरम्यान लुई त्याच शाळेत साहाय्यक शिक्षक आणि १८३३ पासून पूर्ण शिक्षक झाला होता. व्याकरण, भूगोल, गणित, संगीत असे अनेक विषय तो शिकवी. ऑर्गन हे वाद्य तो इतके उत्तम वाजवीत असे की, पॅरिसच्या मोठ्या चर्चमध्ये त्याला वादकाचे काम मिळाले होते. स्वभावाने तो शांत, मितभाषी आणि काटकसरी होता. पण ही काटकसर स्वतःपुरती होती. अडलेल्या विद्यार्थ्याला पैसे देताना त्याचा हात कधी आखडला नाही.

मात्र त्या ओल्या घराने त्यालाही सोडले नाही. सव्विसाव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या छातीत क्षयाची लक्षणे दिसू लागली आणि पुढचे सारे आयुष्य त्याने या रोगाच्या सोबतीने काढले. या इमारतीचा प्रश्न १८३८ च्या मे महिन्यात फ्रान्सच्या लोकप्रतिनिधींच्या सभेत निघाला. प्रसिद्ध कवी लामार्तीन त्या सभेचा सदस्य होता. तेथील अंधार, घाण व दाटी यांचे त्याने असे वर्णन केले की सभासद अस्वस्थ झाले, आणि नव्या वास्तूसाठी पैसा मंजूर झाला. १८४३ च्या अखेरीस शाळा मोकळ्या, हवेशीर वस्तीतील प्रशस्त इमारतीत गेली.

जागेचा प्रश्न असा सुटला, परंतु लिपीवर संकट कोसळले. तिला आश्रय देणारे शाळेचे प्रमुख पिन्ये यांना १८४० साली पदावरून दूर करण्यात आले आणि त्यांच्या जागी द्यूफो आले. द्यूफो हे अंधांचे शत्रू नव्हते. त्यांचे म्हणणे असे होते की, अंधांची लिपी डोळसांना वाचता येत नसेल तर दोघांमध्ये भिंत उभी राहील. म्हणून दोघांची अक्षरे एकच असावीत. वरवर पाहता हा विचार उदार वाटतो. परंतु त्या एकतेची सारी किंमत अंध मुलांच्या बोटांनी मोजावयाची होती. त्यांनी शाळेत परदेशी वळणाची उठावाची अक्षरे आणली, टिंबांच्या लिपीला बंदी केली आणि जुनी पुस्तके जाळून टाकली, असे सांगतात. पाट्या व टोचण्याही मुलांकडून काढून घेतल्या गेल्या.

वास्तविक या शंकेचे उत्तर लुईने १८३९ सालीच देऊन ठेवले होते. अंधाने डोळस मित्रास पत्र लिहावयाचे झाल्यास टिंबांनीच नेहमीच्या अक्षरांची आकृती कशी काढावी, याची एक पद्धती त्याने प्रसिद्ध केली होती. ते काम फार वेळखाऊ होते. म्हणून शाळेचाच जुना विद्यार्थी असलेल्या फूको नावाच्या अंध कारागिराने १८४१ साली त्यासाठी एक यंत्र बनवले. दांडे दाबले की कागदावर अक्षराची टिंबे उमटत. अंध मुलाने घरी आईला लिहिलेले पत्र तिला स्वतःला वाचता येऊ लागले. भिंतीत दार पाडण्याचा हा मार्ग होता, आणि त्यासाठी कोणाचीही अक्षरे हिरावून घ्यावी लागत नव्हती.

बंदीने लिपी मेली नाही. मुले एकमेकांना ती चोरून शिकवीत, मिळेल त्या टोकदार वस्तूने कागद टोचीत आणि पांघरुणाखाली वाचीत. अंधाराची अडचण त्यांना नव्हतीच! शाळेतील उपप्रमुख गादे यांनी हे सर्व पाहिले आणि आपल्या वरिष्ठांचे मन वळवले. २२ फेब्रुवारी १८४४ रोजी नव्या इमारतीच्या उद्घाटनाचा समारंभ झाला. गादे यांनी जमलेल्या लोकांना लिपीचा इतिहास सांगितला. मग एका विद्यार्थ्याने सांगितलेला मजकूर टिंबांत लिहून घेतला आणि दुसऱ्याने तो कागद हाती घेऊन बोटांनी घडाघडा वाचून दाखवला. सभागृह टाळ्यांनी दुमदुमले. श्रोत्यांत लुई ब्रेल बसला होता.

यापुढे त्याची प्रकृती खालावतच गेली. वर्ग घेणे बंद झाले, तरी शाळा हेच त्याचे घर राहिले. ६ जानेवारी १८५२ रोजी शाळेच्या रुग्णालयातच त्याचे निधन झाले. त्रेचाळीस वर्षे आणि दोन दिवस एवढे आयुष्य त्याला लाभले. पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी या मृत्यूची दखलही घेतली नाही. त्याच्या खोलीत एक लहान पेटी होती. ती न उघडता जाळावी, अशी त्याची इच्छा होती. स्नेह्यांना कुतूहल आवरले नाही. पेटीत विद्यार्थ्यांनी त्याच्याकडून उसनवार घेतलेल्या पैशांच्या चिठ्ठ्या निघाल्या. मग ती इच्छा पाळली गेली.

१८५४ साली पॅरिसच्या शाळेने ही लिपी अधिकृतपणे स्वीकारली. १८७८ साली पॅरिसमध्येच भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तिला मान्यता दिली आणि ती देशोदेशी पसरू लागली. अमेरिकेत मात्र टिंबांच्या तीन प्रतिस्पर्धी पद्धतींचा वाद कित्येक वर्षे चालला आणि त्यात अंध वाचकांचेच हाल झाले.

भारतातही काही काळ तीच गत होती. मुंबईत १९०० साली अ‍ॅना मिलार्ड या मिशनरी बाईंनी अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. पुढे निरनिराळ्या प्रांतांत शाळा निघाल्या, पण जो तो आपल्या सोयीने टिंबांची योजना करी. एका प्रांताचे पुस्तक दुसऱ्या प्रांतात निरुपयोगी ठरे. अखेर भारत सरकारने १९४९ साली हा प्रश्न युनेस्कोपुढे नेला आणि १९५१ साली सर्व भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही एकच योजना ठरली. देहरादून येथे त्याच वर्षी ब्रेल छापखाना सुरू झाला, आणि पुढच्याच वर्षी मुंबईत राष्ट्रीय पातळीवरील अंध संघटना स्थापन झाली. मराठी शिकणाऱ्या अंध मुलाच्या बोटाखाली 'ब' हे अक्षर येते, तेव्हा ती दोन टिंबे असतात. कूव्रेच्या मुलाने फ्रेंच वर्णमालेतील दुसऱ्या अक्षरासाठी जी दोन टिंबे योजली, नेमकी तीच. आज संगणकाला जोडलेल्या पट्टीवर बारीक खिळे वरखाली होऊन मजकूर उमटतो. त्यांतील काही पट्ट्यांत संगणकाच्या सोयीसाठी आणखी दोन टिंबे जोडलेली असतात. मूळची सहा मात्र जागच्या जागी आहेत. भारताने २००९ साली, ब्रेलच्या जन्मास २०० वर्षे झाली त्या निमित्ताने, दोन रुपयांचे एक नाणे काढले. त्यावर त्याचे नाव त्याच्याच लिपीत आहे.

लुईला कूव्रेच्या स्मशानभूमीत आपल्या कुटुंबीयांजवळ पुरले होते. मृत्यूस १०० वर्षे झाल्यावर, १९५२ साली, फ्रान्सने त्याच्या अस्थी पॅरिसमधील पँथिऑन या राष्ट्रीय स्मारकात सन्मानपूर्वक नेल्या. गावकऱ्यांनी त्याचे हात मात्र मागून घेतले. ते एका कलशात ठेवलेले आहेत, आणि तो कलश कूव्रे येथे त्याच्या जुन्या थडग्यावर आहे.